व्यवस्थापनाचे विद्यापीठ निवडताना : डमडमनजीकचे एक उदाहरण

अमेरिकेत व्यवस्थापनशास्त्र शिकू इच्छिणारा भारतीय विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचे नाव आणि गुणानुक्रम पाहतो. निवडीची याहून वेगळी दृष्टी कोलकात्याच्या डमडमनजीक घडलेल्या एका उदाहरणावरून ध्यानी येते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे आरंभीचे वर्ग बराकपूर ट्रंक रोडवरील 'एमराल्ड बावर' या वास्तूत भरत. तेथेच आता रवींद्र भारती विद्यापीठ आहे. या संस्थेने सहकार्य घेतले ते एमआयटीच्या स्लोन शाखेचे. अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डचे घेतले, तर १९६५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेस स्टॅनफर्डचे लाभले.

हा भेद केवळ नावांचा नव्हे. हार्वर्डची प्रकरण-अभ्यासाची पद्धती म्हणजे साहित्याच्या अभ्यासकास शेवट न सांगितलेली कथाच वाटेल. एखाद्या अधिकाऱ्यापुढील पेच तीत मांडलेला असतो. निर्णय विद्यार्थ्याने घ्यावयाचा आणि भर वर्गात त्याचे समर्थन करावयाचे. स्लोन शाखेची ख्याती मात्र गणिती व संख्यात्मक विश्लेषणासाठी. चारचौघांत बोलण्यास संकोचणाऱ्याला पहिली पद्धती जड जाते, गणिताचे वावडे असणाऱ्याला दुसरी.

घर तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच गुणानुक्रमाआधी अभ्यासक्रम पाहावा : तेथे शिकवितात कसे, आणि ते आपल्या मुलाच्या वा मुलीच्या प्रकृतीस मानवेल काय? निवडीचा खरा निकष या प्रश्नाच्या उत्तरात आहे.