ऊन पाहिले आणि शिंक आली!

नागाव-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीतून भर दुपारी पुळणीवर पाऊल टाकताच तुमच्यापैकी काहींना लागोपाठ दोन-तीन शिंका येत असतील. सर्दी नाही, धूळ नाही. मग शिंक का? घराचा उंबरठा ओलांडून उन्हात येतानाही असे घडते. मग आजी म्हणते, "शिंक आली, जरा थांब." पण हा अपशकुन नसून प्रकाशाचा प्रताप असू शकेल!

प्रकाशाचा की उष्णतेचा? ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका ग्रीक ग्रंथात उष्णतेला कारण मानले आहे. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने शंका काढली. उष्णता हेच कारण असेल, तर डोळे मिटून नाक उन्हात धरले तरी शिंक यायला हवी. ती येत नाही! याचा अर्थ, शिंकेची सुरुवात डोळ्यांपासून होते. बेकनचे पुढचे स्पष्टीकरण चुकले, पण ही कसोटी खरी ठरली.

दाट सावलीत काही हजार लक्स प्रकाश असतो, तर भर उन्हात सुमारे एक लाख लक्स. हा बदल एकदम झाला की दृक्‌चेतेतून मेंदूकडे जोरदार संदेश जातो. नाकातील हुळहुळ मेंदूला कळवणारी चेता वेगळी. तिचे नाव ट्रायजेमिनल. जुन्या टेलिफोनवर दुसऱ्याचेच बोलणे ऐकू यावे, तसा एका चेतेचा संदेश दुसरीच्या मार्गात शिरत असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. डोळे उन्हाला सरावले की शिंकाही थांबतात.

हा गुण आनुवंशिक आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. साधारणपणे चारांत एकाला असे होते. तुमच्या वर्गात किती जणांना होते, आणि त्यांच्या घरी आणखी कोणाला, याची नोंद करून पाहा. मात्र त्यासाठी सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळ्यांना कायमची इजा होईल.

शिंकताना डोळे मिटतात. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ५ मीटर पुढे जाते! म्हणून आजी "थांब" म्हणाली, तर जरूर थांबा. अपशकुनासाठी नव्हे, डोळे उन्हाला सरावण्यासाठी.