विश्लेषण : ‘कृत्रिम सूर्य’ किती दूर आणि जखमेवरचा थंड प्लाझ्मा किती जवळ?

करोनाच्या दिवसांत जवळपास प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तातडीने प्लाझ्मा हवा’ असा एखादा तरी संदेश येऊन गेला असेल. तो रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव. चीन किंवा फ्रान्समधल्या ‘कृत्रिम सूर्या’च्या बातमीत असतो तो प्लाझ्मा वेगळाच, १५ कोटी अंशांच्या गोष्टी करणारा. गंमत म्हणजे हा दुसरा प्लाझ्मा आता पुन्हा शरीराजवळ आला आहे. जर्मनीत मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांवर तो वापरला जातो, आणि त्याखाली बोट धरले तर फक्त कोमट लागते. हे शक्य कसे होते? आणि दोहोंपैकी आपल्या उपयोगाला आधी काय येणार?

दोघांचे नाव एकच कसे?

हे नाव रक्ताकडूनच उसने घेतलेले आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर १९२०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विरळ वायूतून वीज सोडण्याचे प्रयोग करत होते. नळीत चमकणाऱ्या त्या वायूत इलेक्ट्रॉन आणि आयन वाहताना पाहून त्यांना रक्तद्रवातून वाहणाऱ्या तांबड्या-पांढऱ्या पेशी आठवल्या, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे लिहून ठेवले आहे. १९२८ मध्ये ‘प्लाझ्मा’ हा शब्द शोधनिबंधात आला आणि तेव्हापासूनचा हा घोळ आजही सुरू आहे.

शाळेत आपण स्थायू, द्रव, वायू या तीन अवस्था शिकतो. वायूला आणखी ऊर्जा दिली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मागे धनभारित आयन उरतात. या भारित कणांच्या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. त्यातून वीज वाहते आणि चुंबकाने त्याला वळवता येते. सूर्य, आकाशातली वीज, वेल्डिंगचा आर्क आणि घरातली जुनी ट्यूबलाइट ही सगळी प्लाझ्माचीच रूपे.

ट्यूबलाइटमध्ये १० हजार अंश?

हो. चालू ट्यूबलाइटमधल्या इलेक्ट्रॉनचे तापमान साधारण १० हजार अंशांच्या घरात असते. तरीही काचेला हात लावला तर चटका बसत नाही. इंजिनीअरिंगला हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याचे उत्तर. कण सरासरी किती वेगाने धावतात ते तापमान सांगते. उष्णता मात्र असे कण किती आहेत आणि त्यांनी आपली ऊर्जा किती दिली यावर ठरते. इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलका आहे. टेबल टेनिसचा चेंडू उभ्या एसटीवर कितीही जोरात मारला, तरी तो उलटा येतो आणि एसटी जागची हलत नाही. ट्यूबमध्ये वेगवान इलेक्ट्रॉन जड अणूंवर असेच आपटत राहतात. इलेक्ट्रॉन ‘तापतात’, वायू जवळपास थंडच राहतो. याला ‘थंड प्लाझ्मा’ म्हणतात.

अणुसंमीलनासाठी, म्हणजे फ्यूजनसाठी, याच्या उलट हवे असते. तिथे जड केंद्रकांनाच वेग द्यावा लागतो. ही एक अट दोन्ही संशोधनांच्या वाटा वेगळ्या करते.

सूर्यापेक्षा दहापट तापमान कशाला?

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सियस तापमान आहे. दक्षिण फ्रान्समध्ये काडाराश येथे उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय अणुभट्टीचे लक्ष्य आहे १५ कोटी. सूर्याचे काम दीड कोटीत भागते, कारण त्याच्याकडे प्रचंड गुरुत्वाकर्षण आणि घनता आहे. शिवाय त्याला घाई नाही. सूर्याच्या गाभ्यातला एक घनमीटर भाग जेमतेम २७५ वॉट ऊर्जा तयार करतो. थंडीच्या सकाळी गावाकडच्या उकिरड्यातून वाफ निघताना पाहिली असेल, तर हिशेब साधारण तेवढाच. सूर्य भव्य असल्याने त्याचे भागते. पृथ्वीवर खोलीएवढ्या जागेतून वीज काढायची तर अशा संथ सूर्याचा उपयोग नाही.

म्हणून सूर्यात असते तशा साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही त्याची जड भावंडे वापरतात. त्यांची केंद्रके तुलनेने लवकर जुळतात. त्यातून हेलियम आणि एक वेगवान न्यूट्रॉन मिळतो. कोणतेही भांडे हे तापमान सोसणार नाही, म्हणून मेदूवड्याच्या आकाराच्या निर्वात कक्षात चुंबकांच्या जोरावर प्लाझ्मा अधांतरी ठेवतात. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. आतला प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. इटरच्या ८४० घनमीटर प्लाझ्माचे वजन एक ग्रॅमही भरणार नाही. त्यामुळे तो भिंतीला टेकलाच तर भिंतीचे नुकसान होईल, पण प्लाझ्मा क्षणात थंड होऊन विझेल. चेर्नोबिलसारखी साखळी अभिक्रिया हाताबाहेर जाण्याचा प्रश्न इथे येत नाही. मात्र न्यूट्रॉनच्या माऱ्याने भिंती किरणोत्सारी होतात, आणि ट्रिटियमही किरणोत्सारी आहे. ‘पूर्ण स्वच्छ ऊर्जा’ हा दावा त्यामुळे थोडा सैल करून वाचावा.

आतापर्यंत नेमकी किती ऊर्जा मिळाली?

बातम्यांत ‘मेगाज्यूल’ येते आणि वाचक पुढे सरकतो. त्यापेक्षा वीजबिलावरचे युनिट घेऊ. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल.

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत १९२ लेझर किरणांचा मारा करून मिरीच्या दाण्याएवढ्या इंधनगोळीत फ्यूजन घडवले गेले. गोळीवर २.०५ मेगाज्यूल पडले, बाहेर ३.१५ आले. घातले त्यापेक्षा जास्त निघाले असे पहिल्यांदाच घडले, आणि हा टप्पा खरोखर ऐतिहासिक होता. पण बाहेर आलेली ऊर्जा भरते एक युनिटही नाही. लेझर चालवायला मात्र सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट वीज लागली होती. २०२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल मारली.

ब्रिटनमधल्या ‘जेट’ या टोकामॅकने २०२३च्या अखेरीस बंद होण्यापूर्वी पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल दिले. १९ युनिट. तीही वीज नव्हे, उष्णता. अर्थात त्यासाठी इंधन लागले अवघे ०.२ मिलिग्रॅम, आणि या संशोधनाचे आकर्षण आहे ते याच आकड्यात.

प्लाझ्मा टिकवून धरण्याची शर्यत वेगळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ‘ईस्ट’ने १०६६ सेकंद, तर पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या ‘वेस्ट’ने १३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून अधिक काळ प्लाझ्मा धरून ठेवला. या दोन्ही प्रयोगांत फ्यूजनपासून ऊर्जा मिळवायचीच नव्हती. मथळ्यात ‘कृत्रिम सूर्य’ लिहिताना (आम्हीही लिहितो, त्याला क्लिक मिळतात) हा तपशील बहुतेक वेळा गळतो.

यात भारत कुठे आहे?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हातील अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले होते. त्याला आता ७० वर्षे उलटली. भाभा चुकले, पण एकटे नाही. प्लाझ्मा चुंबकीय पिंजऱ्यातून इतक्या वाटांनी निसटतो, हे तेव्हा कुणालाच पुरते उमगलेले नव्हते.

भारताचे या क्षेत्रातले मुख्य केंद्र म्हणजे गांधीनगरजवळची इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च, अर्थात ‘आयपीआर’. देशी बनावटीचा ‘आदित्य’ टोकामॅक तिथे १९८९ मध्ये सुरू झाला. त्यानंतर आलेला, अतिवाहक चुंबकांचा ‘एसएसटी-१’ एक हजार सेकंदांच्या प्लाझ्मासाठी आखलेला आहे. प्रत्यक्षात मात्र अजून सेकंदाचा टप्पाही दूर आहे. चीनने याच काळात कुठवर मजल मारली ते वर आलेच आहे. निधी आणि सातत्य यांतली ही दरी झाकण्यात अर्थ नाही.

याउलट अवजड अभियांत्रिकीत भारताची बाजू भक्कम आहे. इटरच्या सात भागीदारांपैकी भारत एक असून उभारणीत आपला वाटा सुमारे ९ टक्के आहे, तोही बहुतांश यंत्रसामग्रीच्या रूपात. संपूर्ण यंत्राला कवेत घेणारा सुमारे ३० मीटर उंचीचा, ३८५० टनांचा स्टेनलेस स्टीलचा क्रायोस्टॅट ‘लार्सन अँड टुब्रो’ने सुरतजवळच्या हजिरा येथे तुकड्यातुकड्यांत बनवला आणि जहाजाने पाठवला. त्याचा तळ मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, खड्ड्यात बसवला गेला.

इटरचे वेळापत्रक मात्र घसरत गेले. २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नव्या आराखड्यानुसार संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९ मध्ये होतील. सगळे जमले तरी इटरमधून ग्रिडला वीज जाणार नाही. ५० मेगावॉटची उष्णता प्लाझ्मात घालून ५०० मेगावॉट काढून दाखवणे, एवढेच त्याचे काम. काही खासगी कंपन्या याच दशकाच्या आश्वासनावर भांडवल उभे करत आहेत. तूर्त तरी आपल्या वीजबिलाचा फ्यूजनशी संबंध नाही.

मग जखमेवरचा प्लाझ्मा काय करतो?

पेनासारख्या उपकरणातून आरगॉन वायू सोडतात आणि टोकाशी उच्च दाबाची, वेगाने दिशा बदलणारी वीज देतात. जांभळट रंगाची लहानशी ज्योत दिसते. ती ज्योत नसून थंड प्लाझ्मा असतो. तिथले वेगवान इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या हवेतील ऑक्सिजन, नायट्रोजन आणि बाष्पाचे रेणू फोडतात. त्यातून हायड्रॉक्सिल, नायट्रिक ऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, ओझोन असे अतिशय चंचल पदार्थ तयार होतात. जिवाणूच्या आवरणावर आणि आतल्या प्रथिनांवर ते एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात. म्हणूनच प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणूही प्रयोगशाळेत त्यापुढे नमतात. आपल्या पेशींकडे असे हल्ले परतवण्याची विकरे असतात. मात्रा बेताची असेल तर त्या तग धरतात, आणि नायट्रिक ऑक्साइडसारख्या रेणूंमुळे जखम भरण्याची प्रक्रिया जागी होते. मात्रा वाढली तर त्यांचेही नुकसान होते.

जर्मनीतील ग्राइफ्सवाल्डच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत विकसित झालेल्या अशा एका उपकरणाला २०१३ मध्ये युरोपात वैद्यकीय वापराची मान्यता मिळाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत मधुमेही पायांच्या जखमा असलेल्या ४३ रुग्णांच्या ६२ जखमांचा अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांसोबत काहींना प्लाझ्मा, तर काहींना त्याचा नुसता आभास देण्यात आला. प्लाझ्मा मिळालेल्या जखमा अधिक वेगाने आक्रसल्या. मात्र जंतुसंसर्ग घटण्यात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. जंतू मारणारे साधन म्हणून ज्याची चर्चा, त्याचा फायदा प्रत्यक्षात दुसऱ्याच वाटेने झाला असावा, असे यातून दिसते. चाचणी लहान होती आणि रुग्णांवर लक्षही थोडाच काळ ठेवले होते.

भारतात याचे महत्त्व का, ते सांगायला नको. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. ‘चप्पल चावली होती’ इथून सुरू होऊन बोट किंवा पाऊल कापण्यापर्यंत गेलेली हकिकत बहुतेकांच्या नात्यात एखादी तरी सापडते.

शहरातल्या रुग्णालयात प्लाझ्मा आधीच आहे?

आहे, फक्त रुग्णाला दिसत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची नाजूक उपकरणे वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये खराब होतात. ती ‘प्लाझ्मा स्टरिलायझर’मध्ये निर्जंतुक केली जातात. तिथे जंतू मारण्याचे मुख्य काम हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ करते आणि प्लाझ्मा उरलेल्या पेरॉक्साइडचे विघटन करून पाणी व ऑक्सिजन मागे ठेवतो. कर्करोगाच्या पेशींवर थंड प्लाझ्माचे प्रयोगही सुरू आहेत, पण तो अजून रुग्णाने आशा बांधावी असा उपचार झालेला नाही.

जाहिरातींतला प्लाझ्मा कोणता?

इथे सावध राहावे लागते. केसगळतीवरच्या ‘पीआरपी’तला प्लाझ्मा रक्ताचा, म्हणजे तुमचेच रक्त फिरवून वेगळा केलेला भाग. त्याचा या लेखातल्या प्लाझ्माशी संबंध नाही. ब्युटी क्लिनिकमधला ‘प्लाझ्मा पेन’ हा भौतिकशास्त्रातलाच प्लाझ्मा, पण थंड नव्हे. तो बारीक ठिणगीने त्वचेचा वरचा थर जाळतो, त्यामुळे डाग किंवा व्रण राहू शकतो. जखमेसाठी कुणी ‘कोल्ड प्लाझ्मा’ सुचवलाच तर उपकरण कोणते, त्याला वैद्यकीय मान्यता कुणाची, किती मिनिटे आणि किती अंतरावरून द्यायचा, हे विचारावे. औषधाला मिलिग्रॅम असते तसे प्लाझ्माच्या मात्रेसाठी सर्वमान्य एकक अजून ठरलेले नाही. एका यंत्राचा एक मिनिट दुसऱ्या यंत्राच्या एका मिनिटाबरोबरीचा असेलच असे नाही. आणि पायाला जखम असेल तर साखर आटोक्यात ठेवणे, मेलेली त्वचा वेळीच काढून घेणे आणि त्या पायावर भार न देणे हे उपचार प्लाझ्मा असो वा नसो, करावेच लागतात. जर्मन चाचणीतही नेहमीचे उपचार कुणाचे थांबवलेले नव्हते.