यंत्र मुकं आहे, की आपल्याला ऐकू येत नाही?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने आज जुन्या संगणकाच्या केबलवर बोलायचं, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. नांदेडला आम्ही जे 'अनुपलब्धि' प्रमाण वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, ते आम्हाला नीट कळलं ते लातूरला, एका 'बंद' यंत्रासमोर बसल्यावर.

झालं असं. लातूरच्या एका महाविद्यालयात गणित शिकवणारे आमचे स्नेही वारले. त्यांची अनेक वर्षांची टिपणं सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन ५ या यंत्रात होती. १९९४ च्या सुमारास आलेलं हे वर्कस्टेशन. त्या काळी गंभीर गणनेसाठी अशीच यंत्रं वापरत. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली उभारलेला परम १०००० हा महासंगणकसुद्धा सनच्याच यंत्रांचा बनलेला होता. तर या स्पार्कस्टेशनचा पडदा केव्हाच गेला होता. मागच्या सॉकेटला केबल लावून लॅपटॉपवर पाहिलं, काहीच दिसलं नाही. म्हणून यंत्र निर्लेखनाच्या यादीत गेलं. भंगारवाला सोमवारी येणार होता. गुरुवारी त्यांच्या मुलीचा आम्हाला फोन आला.

आता प्रमाणाकडे वळू. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असं आपण म्हणतो. कुमारिलभट्टांचे अनुयायी आणि अद्वैती या न दिसण्याला स्वतंत्र प्रमाण मानतात. पण एक अट घालतात. खोलीत अंधार असेल तर 'दिसत नाही, म्हणून नाही' म्हणता येत नाही. घडा असता तर तो दिसलाच असता, एवढी सोय आधी हवी. हिलाच 'योग्यानुपलब्धि' म्हणतात. सिरियल कन्सोलच्या दुरुस्तीत निम्मं काम हेच असतं: आधी दिवा लावायचा, मग घडा शोधायचा.

सिरियल कन्सोल म्हणजे काय? चित्र नाही, माऊस नाही. एका तारेवरून एकेक अक्षर जातं, दुसरीवरून येतं, तिसरी दोघांची सामाईक जमीन, म्हणजे ग्राउंड. यामागचं आरएस-२३२ हे मानक १९६० चं. चला, पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी आपल्या बाजूची. लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी कन्व्हर्टरचे २ आणि ३ क्रमांकाचे पिन तारेच्या तुकड्याने जोडा आणि टाइप करा. अक्षर परत दिसलं पाहिजे. तार काढली की दिसणं थांबलंही पाहिजे. तार आहे तर अक्षर आहे, तार नाही तर अक्षर नाही: हा आपला अन्वय-व्यतिरेक. तार काढूनही अक्षर दिसत असेल, तर तो प्रोग्राम स्वतःच उमटवतोय, त्याचा उपयोग नाही. या परीक्षेच्या वेळी फ्लो कंट्रोल बंद ठेवा.

दुसरी पायरी केबलची. इथेच बहुतेक लोक अडतात. दोन्ही बाजूंना संगणक असले की दोघेही आपापल्या 'बोलण्याच्या' पिनवर बोलतात. मग एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागायला तारा आत उलटसुलट केलेल्या हव्यात. अशा केबलला नल मोडेम म्हणतात. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात, म्हणून मल्टिमीटर घ्या. यंत्र चालू करा, लॅपटॉपकडचं नऊ पिनचं टोक मोकळं ठेवा, काळी सळी ५ वर, लाल २ वर. यंत्र गप्प असतानाही त्याच्या बोलण्याच्या तारेवर ऋण दाब असतो, साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट. तो २ वर मिळाला तर केबल बरोबर. ३ वर मिळाला तर केबल सरळ आहे, बदला. कुठेच नाही मिळाला, तर तार तुटली आहे किंवा यंत्रात दोष आहे. आणि एक सावधगिरी: छोट्या सर्किटना जोडायचे ३.३ व्होल्टचे कन्व्हर्टर इथे लावू नका, जळतील.

तिसरी पायरी वेगाची. सनचा नेहमीचा हिशेब असा: वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. एका बिटाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद. ऐकणाऱ्याचं घड्याळ वेगळं असेल तर अक्षरांचा कचरा दिसतो. कचरा दिसला तर आनंद माना! समोर कुणीतरी बोलतंय, एवढं तर सिद्ध झालं.

आमच्याकडे एका माजी विद्यार्थिनीचा मुलगा होता, डिप्लोमावाला. त्याने या पायऱ्या केल्या. कन्व्हर्टर ठीक, केबल ठीक, २ वर ऋण दाब. तरी पडदा कोरा. तो म्हणाला, "सर, बोर्डच गेला असेल." आम्ही म्हटलं, "बाळा, ते दुसरीकडे तोंड करून बोलत असेल तर?"

तसंच निघालं. सनच्या यंत्राला सुरू होताना कीबोर्ड सापडला आणि आत पडद्याचं कार्ड असलं, की ते पडद्यावर बोलतं. पडदा जोडलेला नसला तरी! कीबोर्ड नसेल तरच ते 'ए' खुणेच्या सिरियल सॉकेटकडे वळतं. कुणीतरी व्यवस्थितपणे कीबोर्ड लावून ठेवला होता. वीज बंद केली, कीबोर्ड काढला, पुन्हा चालू केलं. ओळी येऊ लागल्या.

पहिलीच तक्रार ओळखीची होती: यंत्राची ओळख ज्या चिपमध्ये असते तिच्या आतली बॅटरी संपलेली. वय झालं की आम्हालाही नावं आठवत नाहीत, पण म्हणून कुणी निर्लेखन करत नाही. शेवटी 'ओके' अशी दोन अक्षरं आली. त्यापुढे डिस्कचा शोध घ्यायला सांगितलं, डिस्क हजर होती. तिच्यावरूनच सुरू हो, असं मात्र हाताने लिहावं लागलं.

एक सूचना राहिली. टिपणं उतरवताना केबल उपटू नका. तार निघाली की सनला तो थांबण्याचा इशारा वाटू शकतो आणि ते पुन्हा 'ओके'वर येऊन उभं राहतं. तसं झालं तर घाबरून वीज बंद करू नका, 'गो' लिहा, काम पुढे चालू होतं.

रविवारी रात्री टिपणं पेन ड्राइव्हवर आली. त्यांत नवं काय आहे, हे गणितवाले पाहतील, तो आमचा प्रांत नाही. आमचं म्हणणं एवढंच की, रजिस्टरमध्ये 'बंद' हा शब्द लिहिणारी व्यक्ती अप्रामाणिक नव्हती. तिने पाहिलं होतं, पण आपल्या पाहण्याची परीक्षा घेतली नव्हती. तुमच्याकडे असं एखादं यंत्र असेल तर आधी तारेचा तो तुकडा घ्या, २ आणि ३ जोडा. तिथून सुरुवात करा.

आता प्रश्न घेऊ.