कुलूप उघडायला शिकलो, तेव्हा माल पारखायला शिकलो

व्यापारी माणूस रात्री दुकानाचे शटर ओढतो, कुलूप लावतो, दोनदा हिसका देऊन पाहतो आणि बिस्मिल्लाह म्हणून घराकडे निघतो. त्या हिसक्याने काय कळते? कुलूप लागले एवढेच कळते. ते चोरापुढे किती टिकेल, हे कळत नाही. कापडाच्या धंद्यात माझी तीसएक वर्षे गेली. ताक्यावर हात फिरवून सूत सांगता येते. पण ज्या कुलपाच्या भरवशावर ते ताके रात्रभर पडून असत, त्याच्या पोटात काय आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता.

तो विचार करण्याची वेळ अशी आली. रमजानचे शेवटचे दिवस होते. भिवंडीच्या गोडाऊनसमोर टेम्पो उभा, तिकडे व्यापारी मालाची वाट पाहत बसलेला आणि आमचे मुनीमजी किल्ली खिशात घेऊन गावी गेलेले. कुलूप चांगले जाडजूड पितळी. घेताना हातात तोलून, भारी वाटले म्हणूनच घेतले होते. शेवटी बाजारातल्या चावीवाल्या चाचांना बोलावले. त्यांनी पिशवीतून दोन बारीक पट्ट्या काढल्या. हमालांनी टेम्पोची ताडपत्री सोडेपर्यंत कुलूप उघडून माझ्या हातात आले होते.

"सेठ, ताला भारी है, काम हलका है," एवढेच चाचा बोलले आणि आपली मजुरी घेऊन निघून गेले.

त्या दिवशी माल वेळेवर गेला, अलहम्दुलिल्लाह. पण रात्री तेच कुलूप पुन्हा लावताना हात थबकला. ईद झाल्यावर मी चाचांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, हा हुनर मला शिकवा. ते हसले. मग एक अट घातली: कुलूप स्वतःचे हवे, आणि तेही दाराला लावलेले नसावे. ही अट मी आजवर पाळत आलो. पुढे वाचनात आले की जर्मनीत १९९७ साली कुलपे उघडण्याच्या शौकिनांनी आपली संस्था काढली, आणि या शौकिनांमध्येही हाच नियम चालतो. परक्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही.

कुलपाच्या पोटात काय असते?

आमचे ते कुलूप स्प्रिंगवर चालणाऱ्या पिनांचे होते. किल्ली जाते ती नळी कुलपाच्या धडात गोल फिरते. नळीत आणि धडात समोरासमोर भोके असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्यावर एक बारीक स्प्रिंग. स्प्रिंग पिनांना खाली दाबते, त्यामुळे वरची पिन अर्धी नळीत आणि अर्धी धडात अडकून राहते. मग नळी फिरत नाही. खरी किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक जोडी नेमकी एवढी उचलतात, की दोन पिनांमधला सांधा नळीच्या काठाशी येतो. सगळे सांधे एका रेषेत आले की नळी फिरते. या रचनेचे पेटंट अमेरिकेच्या लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ साली घेतले. मूळ कल्पना मात्र प्राचीन मिसरच्या लाकडी कुलपांइतकी जुनी आहे.

मग किल्लीशिवाय हे कुलूप उघडते कसे? याचे उत्तर ऐकून मी चाट पडलो. भोके कधीच अगदी सरळ रेषेत पडलेली नसतात. केसाएवढा फरक राहतोच. नळीला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. अगोदर एकच अडकते. ती उचलली की बारीक 'टिक' होते आणि पाळी दुसरीची येते. म्हणजे काय, तर चोर शिरतो तो कारागिराने सोडलेल्या ढिलाईतून. भोके जितकी काटेकोर, तितके काम अवघड.

पहिले पंधरा दिवस माझ्याकडून काहीच उघडले नाही. मी जोर फार लावत होतो. जोर लावला की सगळ्याच पिना आवळून बसतात. चाचा म्हणायचे, हाथ ढीला रखो. मला एकदम मागाची आठवण झाली. ताण्याला ताण जास्त झाला की तार तुटते आणि कमी झाला की कापड झोळ खाते. हे गणित मला लहानपणापासून ठाऊक होते, ते फक्त बोटांत उतरायचे राहिले होते. तिसऱ्या आठवड्यात, असरच्या नमाजनंतर, भंगार बाजारातून आणलेले एक जुने कुलूप माझ्या हातात उघडले. पहिला ताका विकला तेव्हाही एवढा आनंद झाला नसेल.

नंतर चाचांनी एक चांगले कुलूप दिले. ते आजही माझ्याकडून दहा वेळा प्रयत्न करावा तेव्हा एकदा उघडते. त्याच्या वरच्या पिना दोऱ्याच्या रिळासारख्या, मध्ये बारीक कापलेल्या आहेत. त्या मध्येच अडकून फसवतात. कुलूप उघडले असे वाटते, आणि उघडलेले नसते. गंमत अशी की वजनाला हे कुलूप माझ्या पहिल्या कुलपाच्या निम्मे आहे.

हे सांगावे की नाही?

काही दोस्त म्हणाले, असले लिहू नका, चोरांना शिकवाल. हा वाद जुना आहे. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कुलूपतज्ज्ञ ए. सी. हॉब्ज यांनी प्रसिद्ध चब कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामा कंपनीने तर आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवून उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस लावले होते. हॉब्ज यांनी १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून तेही उघडले. तेव्हाही ओरड झाली. हॉब्ज यांच्या बाजूचे म्हणणे असे होते की, चोराला हे अगोदरच ठाऊक असते, ठाऊक नसते ते मालकाला. त्या धक्क्याने कुलपे सुधारली, हा इतिहास आहे.

कुलपाचा हुनर आपल्यालाही परका नाही. अल-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांच्या किताबात चार चकत्या जुळवून उघडणाऱ्या अक्षरी कुलपाची रचना दिली आहे. आज अलिगढच्या गल्ल्यांत हजारो मुस्लिम कारागिरांची रोजी याच कामावर चालते. तेथे १८७० साली जॉन्सन अँड कंपनीने इंग्लंडहून कुलपे आणून विकली आणि १८९० पासून लहान प्रमाणावर तेथेच कुलपे बनू लागली. आज एकेक कुलूप अनेक घरांतून फिरून तयार होते. कोणी ओतकाम करतो, कोणी पॉलिश, कोणी मुलामा, कोणी जोडणी. मजुरी बहुतेक नगावर.

येथेच माझ्या मनाला खरी टोचणी लागली. माझ्या पहिल्या कुलपात ढिलाई का होती? मी दुकानदाराशी घासाघीस करून वीस रुपये तोडले होते. दुकानदाराने ठोकवाल्याचे तोडले असतील, ठोकवाल्याने कारखानदाराचे, आणि शेवटी ज्याला नगावर मजुरी मिळते त्याने भोक मोजून पाडायचे सोडून दिले असेल. आमच्या धंद्यात वेगळे काय घडते? भावात पैसे तोडले की विणकर पीक कमी करतो, कापड विरळ येते आणि मग आपणच ओरडतो की माल हलका आला. ढिलाई कारागिराच्या हातात दिसते, पण तिची सुरुवात आपल्या तराजूत होते.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, वजनावर जाऊ नका. दुसरी, जे कुलूप नुसते दाबून 'खट्' लागते, त्याच्या आतली जीभ कित्येकदा एका स्प्रिंगवरच असते. पातळ पत्रा सरकवून ती मागे ढकलता येते. त्यापेक्षा ज्याच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पोलादी छर्रे धरतात, ते घ्यावे. तिसरी, दांडा आणि धड यांच्यात पहारीचे टोक शिरेल एवढी फट नसावी. चौथी, लिव्हरच्या कुलपात आकडा मोठा पाहून भुलू नका, किल्ली किती सफाईने फिरते ते पाहा. पाचवी, कुलूप भक्कम आणि कडी-कोयंडा गंजका, असे करू नका. चोर जोडीतले कमजोर तेच तोडतो.

सहावी गोष्ट पैशाने मिळत नाही. किल्ली ही अमानत आहे. मक्का फतह झाल्यावर, हिजरी ८ म्हणजे इसवी सन ६३० मध्ये, काबा शरीफची किल्ली उस्मान बिन तल्हा यांनाच परत दिली गेली, आणि आजही ती बनी शैबा घराण्याकडे आहे. किल्ली कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न कुलपाच्या किमतीपेक्षा मोठा आहे. आमच्या मुनीमजींनी चुकून किल्ली नेली, पण गोडाऊनमधला एक ताकाही कधी हलला नाही. तेवढे मोल कुठल्याच कुलपाला नाही.

उंट मोकळा सोडून तवक्कुल करू नये, ही शिकवण आपण सारे लहानपणी ऐकतो. मी आता त्यात एवढेच जोडतो की, बांधायचा दोर नीट पारखून घ्यावा, आणि तो वळणाऱ्याला त्याची पुरी मजुरी द्यावी. गोडाऊनला नवीन कुलूप लावले आहे. या वेळी मी भाव केला नाही.