तरोटा : भाजी आणि औषध

बुलढाण्यानजीक पैनगंगेकाठी वसलेल्या देऊळघाटच्या परिसरात मृगाचा पाऊस पडून गेला की बांध, पडीत जमिनी व वाटांच्या कडा एका झुडुपाने भरून जातात. वऱ्हाडात यास तरोटा म्हणतात. कोकणात व देशावर तोच टाकळा. लिनियसने १७५३ साली त्यास ‘कॅसिया टोरा’ हे नाव दिले; आज त्याची गणना ‘सेना’ वंशात होते.

फुलोऱ्यापूर्वीची कोवळी पालवीच खुडावयाची, उकडून पाणी पिळून टाकावयाचे आणि मगच ती कांदा, लसूण, मिरचीवर परतावयाची, हा गृहिणींचा दंडक होय. तो केवळ चवीसाठी नाही. या वनस्पतीत अँथ्राक्विनोन वर्गातील रेचक द्रव्ये असतात. जून पाला पोट ढाळतो, तर कोवळा व पिळलेला पाला भाजी म्हणून पचतो. अन्न कोठे संपते व औषध कोठे सुरू होते, हे येथे पानाचे वय, मात्रा व शिजविण्याची रीत ठरवितात.

बियांची गोष्ट निराळी. ताकात वा लिंबाच्या रसात वाटून त्या गजकर्णावर लावतात. चक्रमर्द व दद्रुघ्न या संस्कृत नावांतच हा उपयोग नोंदलेला आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बियांतील क्रायसोफॅनिक अम्ल-९-अँथ्रोन हे कवकनाशक द्रव्य वेगळे केले गेले, तेव्हा या जुन्या नावास रसायनशास्त्राचा दुजोरा मिळाला.

तथापि खरा धोका तरोट्यात नसून त्याच्या भाईबंदात, कासविंद्यात आहे. त्यास काही ठिकाणी ‘रानटाकळा’ही म्हणतात. जो टाकळा मुळात रानातलाच, त्याच्या नावामागे पुन्हा ‘रान’ जोडल्याने घोटाळा अधिकच वाढतो. पश्चिम उत्तर प्रदेशात बालकांच्या यकृत, स्नायू व मेंदूस ग्रासणाऱ्या घातक विकाराचे कारण कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाणे हे असल्याचे २००७ साली मांडण्यात आले. ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ साली झालेल्या बालमृत्यूंचा संबंधही याच वनस्पतीशी जोडण्यात आला.

भाजी शेंगा धरण्यापूर्वी खुडली जात असल्याने ओळख पानावरूनच पटवावी लागते. तरोट्याच्या पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात, टोक गोलट असते व ग्रंथी खालच्या जोड्यांमध्ये असतात. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच, पर्णिका टोकदार व ग्रंथी देठाच्या तळाशी एकच.