विश्लेषण : मोबाइलवर येणारे रोजचे ‘शुभवर्तमान’ कोण ठरवते?

सकाळी सहा-साडेसहाला अंधेरीच्या मरोळमध्ये, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, मुलुंड-घाटकोपरमधल्या कॅथलिक घरांत मोबाइल वाजतो. त्या दिवशीचा शुभवर्तमानाचा उतारा आणि त्याखाली दोन-तीन परिच्छेदांचे चिंतन आलेले असते. खाडीपलीकडे गोराईतही उतारा तोच असतो. मनिला आणि लिस्बनमध्येही त्या दिवशी तोच वाचला जातो. हा योगायोग नव्हे. या एका उताऱ्यामागे साडेपाच दशकांपूर्वी झालेला एक मोठा बदल आहे.

उतारा ठरतो कसा?

धर्मगुरू तो निवडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली आणि भाविकांसमोर बायबलचा अधिक भाग यावा, असे ठरवले. त्यातून १९६९ मध्ये नवे वाचनपत्रक आले. त्याआधी रविवारची वाचने दरवर्षी तीच असत. आता रविवारसाठी तीन वर्षांचे चक्र आहे. ‘अ’ वर्षात प्रामुख्याने मत्तय, ‘ब’ वर्षात मार्क आणि ‘क’ वर्षात लूक वाचला जातो. योहान मुख्यतः उपवासकाळाच्या उत्तरार्धात आणि पुनरुत्थानकाळात येतो. चालू वर्ष कोणते, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. सालाच्या अंकांची बेरीज करून तिला तीनने भागायचे. बाकी एक उरली तर ‘अ’, दोन उरली तर ‘ब’, काहीच उरली नाही तर ‘क’. त्यामुळे २०२६ हे मत्तयचे वर्ष. फक्त हे वर्ष १ जानेवारीला नाही, तर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२५ लाच सुरू झाले.

इतर वारांचे शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. सामान्य काळातील पहिले नऊ आठवडे मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय, मग लूक. पहिले वाचन तेवढे सम आणि विषम वर्षांनुसार बदलते. (मुंबईतल्या मल्याळी सिरो-मलबार कुटुंबांचे पत्रक वेगळे असते. त्यांच्यासाठी १९८८ मध्ये स्वतंत्र कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. शेजारच्या दोन कॅथलिक घरांत एकाच दिवशी दोन वेगळे उतारे दिसले, तर कारण बहुधा हे.)

ठरलेल्या उताऱ्याचा फायदा काय?

आवडीचा तेवढाच भाग बोलून नावडता टाळण्याची सोय राहत नाही. मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. मळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, दिवसभरात आणखी तीनदा आणतो आणि संध्याकाळी पाचला पुन्हा चौकात जातो. तेव्हाही काही जण उभेच असतात. का उभे, तर कोणी कामाला लावले नाही म्हणून. दिवस संपल्यावर तो सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

उपनगरांतल्या मजूर नाक्यांवर हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. हातात थापी किंवा रंगाचा ब्रश घेऊन माणसे सकाळी उभी असतात आणि अकरापर्यंत बोलावणे आले नाही तर बहुतेकांचा दिवस बुडतो. पण चर्चच्या बाकावर ऐकणाऱ्यांत रोजंदारी देणारेही असतात, आणि अर्धा दिवस आलेल्या सुताराला किती द्यायचे, हा त्यांच्या घरचा प्रश्न असतो. ‘देव उदार आहे’ एवढ्यावर संपणारे चिंतन त्या प्रश्नाला बगल देते. फॉरवर्ड होत येणारी अनेक चिंतने तशीच गुळगुळीत असतात. ती कुठल्याही शहरात, कुठल्याही दिवशी चालतील.

चिंतन म्हणजे प्रवचन का?

नाही. मिस्सेतील प्रवचन बिशप, धर्मगुरू किंवा दीक्षित उपयाजकानेच करायचे, असा चर्चचा कायदा आहे. रविवारी ते बंधनकारक, इतर दिवशी केवळ शिफारस. प्रवचन आठ मिनिटांच्या आत संपवावे, असे पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये सांगितले होते. बाकावरच्या अनेकांना ते मनापासून पटले असणार! मोबाइलवरील लिखित चिंतनाला मात्र हे बंधन नाही. ते धर्मभगिनी, शिक्षिका, निवृत्त कारकून, कोणीही लिहू शकते. २०२० च्या टाळेबंदीत चर्च बंद झाली आणि मिस्सा पडद्यावर आली, तेव्हा रोजच्या चिंतनालाही मोबाइलची सवय जडली. राज्यातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली, तरी ती सवय राहिली.

मग अडचण कुठे?

भाषेत. अंधेरीत सीप्झच्या आवारात १५७९ मध्ये बांधलेल्या चर्चचे अवशेष आहेत. साथीमुळे १८४० च्या सुमारास तिथली वस्ती मरोळकडे सरकली. हे मूळचे ईस्ट इंडियन गावकरी, त्यांची घरची बोली मराठी. योगायोग असा, की त्याच १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याने मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. परदेशातून आलेल्या माणसाने ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी पुराणाचा घाट निवडला, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला तोच ओळखीचा होता.

आज त्याच मरोळमध्ये बहुतेक चिंतने इंग्रजीत येतात. नव्या पिढीचे शिक्षण इंग्रजीत, पॅरिशचे कामकाजही बरेचसे इंग्रजीत. कोकणी, तमिळ, मल्याळी कुटुंबे एकत्र असलेल्या पॅरिशमध्ये इंग्रजी सोयीचीच. मात्र प्रार्थना आणि भांडण दोन्ही मराठीत करणाऱ्या आजीपर्यंत हे चिंतन नातवाने अर्थ सांगितला तरच पोहोचते. मराठीत साहित्य नाही, असेही नाही. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तेव्हा मूळ मजकूर मराठीत तयार आहे. रोज सकाळी त्यावर चार ओळी मराठीत लिहिणारे हात उपनगरांत कमी आहेत.

द्राक्षमळ्याचा दाखला २०२६ मध्ये रविवारच्या मिस्सेत २० सप्टेंबरला येतो. मराठी मिस्सेत आणि इंग्रजी मिस्सेत त्या दिवशी वाचन एकच असेल.