बँकेला रोज दिसलेलं गुपित

३ जुलै १९९२ रोजी बेअरिंग्ज बँकेच्या सिंगापूरमधल्या वायदे कंपनीत एक खातं उघडलं गेलं. क्रमांक ८८८८८. चिनी समजुतीप्रमाणे आठ हा आकडा शुभ, आणि इथे तर पाच आठ ओळीने उभे. तीन वर्षांच्या आत या एका खात्याने १७६२ साली स्थापन झालेली, इंग्लंडची राणी जिची ग्राहक होती अशी बँक गिळून टाकली.

खातं चालवणारा निक लीसन तेव्हा पंचविशीत होता. त्याच्यावर पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला. जुगार, खोटेपणा, पलायन हा भाग त्यामुळे बहुतेकांना ठाऊक असतो. या प्रकरणाच्या चौकशी अहवालात मात्र एक छोटी तांत्रिक नोंद आहे, आणि ती वाचली की माणूस थक्क होतो.

सिंगापूरच्या कॉम्प्युटरमधून लंडनच्या मुख्यालयाला रोज चार फाइली जात: सौद्यांची, भावांची, उभ्या असलेल्या एकूण सौद्यांच्या स्थितीची आणि मार्जिनची. मार्जिन म्हणजे वायद्याच्या सौद्यापोटी बाजाराकडे ठेवावी लागणारी अनामत. खातं उघडल्यावर काही दिवसांतच लीसनने सॉफ्टवेअर सल्लागाराकडून एक बदल करून घेतला: ८८८८८ हे खातं रिपोर्टमधून वगळायचं. तीन फाइलींतून ते गेलं. मार्जिनच्या फाइलीत मात्र ते राहिलं.

म्हणजे या खात्याचा मार्जिनचा आकडा लंडनला रोज पोहोचत होता! पण लंडनच्या कॉम्प्युटरला ८८८८८ हे खातंच ठाऊक नव्हतं. ओळख न पटलेली माहिती तो एका सस्पेन्स फाइलीत टाकून द्यायचा आणि ती फाइल कोणी उघडत नसे. बँक ज्याने बुडणार होती ते गुपित बँकेच्याच मुख्यालयात येऊन पडत होतं. त्याला कुणी वाली नव्हता, एवढंच.

बाहेरचा हॅकर आत शिरायला पासवर्ड चोरतो, भिंत फोडतो, मागे खुणा ठेवतो. आतल्या माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, लॉगिन असतं, शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला नावाने ओळखतात. सुरक्षा यंत्रणा त्याच्यासाठी दार उघडते, कारण दार उघडणं हेच तिचं काम. शिवाय एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक असते: कुठली वही कुठल्या वहीशी ताडून पाहिली जात नाही.

लीसनला हे कुठून कळलं? तो आधी सौदे करणारा नव्हताच. सौदे झाल्यावर त्यांची कागदपत्रं, पैसे, पावत्या जुळवणाऱ्या बॅक ऑफिसात तो तयार झाला होता. सिंगापूरला तो सौदेही करू लागला आणि बॅक ऑफिसही त्याच्याच हाताखाली राहिलं. माल विकणाऱ्यानेच गल्ला मोजावा आणि वहीही त्यानेच लिहावी, असा तो कारभार होता.

१९९२ अखेर ८८८८८ मधला तोटा सुमारे २० लाख पौंड होता. १९९३ अखेर तो २.३ कोटी झाला, १९९४ अखेर २०.८ कोटी. मग १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबे शहराला भूकंपाने हादरवलं, टोकियोचा शेअर निर्देशांक घसरू लागला आणि लीसनने तो वर जाईल या भरवशावर खरेदी आणखी वाढवली. फेब्रुवारीच्या अखेरीस तोटा ८२.७ कोटी पौंडांवर होता.

त्याच जानेवारीत हिशेब तपासणाऱ्यांनी एक प्रश्न विचारला होता. सुमारे ५ कोटी पौंडांची रक्कम ताळेबंदात दिसते, ती येणार कुठून? लीसनने न्यूयॉर्कच्या एका दलाली पेढीकडून ती येणं असल्याचं सांगितलं आणि पुरावा म्हणून पत्र दाखवलं. दुसऱ्या कागदावरची सही कापून, चिकटवून, घरच्या मशीनवरून फॅक्स केलेलं पत्र. फॅक्सच्या माथ्यावर छापून आलं होतं: ‘फ्रॉम निक अँड लिसा’. लिसा ही त्याची बायको. न्यूयॉर्कच्या पेढीचं पत्र निक आणि लिसाच्या घरून कसं आलं, हे कोणी विचारलं नाही.

पण म्हणून वरिष्ठांना कोणी सावध केलंच नव्हतं, असं नाही. खातं उघडण्याच्या काही महिने आधी, मार्च १९९२ मध्ये, बेअरिंग्जच्या सिंगापूर प्रमुखाने लंडनला लिहिलं होतं की आपण उभी करत असलेली ही रचना घात करेल. १९९४ च्या उन्हाळ्यात अंतर्गत लेखापरीक्षकांनी सिंगापूरला जाऊन अहवाल दिला. सौदे आणि हिशेब एकाच माणसाकडे आहेत. त्याच्याकडून बॅक ऑफिसची देखरेख, चेकवरच्या सह्या आणि दोन प्रकारच्या जुळवण्या काढून घ्या, असं त्यात स्पष्ट होतं. त्याच अहवालात अशीही चिंता होती की हा माणूस प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर सिंगापूरचा नफा आटेल. बँक कोसळली तोपर्यंत त्या शिफारशी अमलात आल्या नव्हत्या.

धोका साहेबांपर्यंत पोहोचवणं ही वेगळी कला आहे, ती इथे समजते. ‘कार्यविभागणीत उणीव आढळली’ हे वाक्य बरोबर असतं, पण ते वाचून कोणाची झोप उडत नाही. संचालक मंडळाला पैसा आणि वेळ कळतो. त्यांना असं सांगावं लागतं: ‘सौदे तोच करतो, हिशेबही तोच लिहितो. त्याने उद्या एक तोटा लपवला तर आपल्याला किती दिवसांत कळेल? कळणारच नाही. तोवर तो किती रक्कम अडकवू शकतो? आपल्या भांडवलापेक्षा जास्त. हे थांबवायला काय लागेल? एका हिशेबनिसाचा पगार.’ माहिती तीच, पण आता तिच्यावर निर्णय घ्यावा लागतो, आणि घेतला नाही तर निर्णय न घेणाऱ्याचं नाव इतिवृत्तात राहतं.

वरिष्ठांनीही एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. लंडनची समजूत होती की लीसन दोन बाजारांतल्या भावाच्या फरकावर, जवळजवळ बिनजोखमीचा नफा कमावतो. बिनजोखमीच्या धंद्यात एवढा नफा येतो कसा? चांगल्या बातमीची उलटतपासणी कोणी करत नाही, आणि आतला माणूस नेहमी चांगलीच बातमी आणतो.

२००८ च्या जानेवारीत पॅरिसच्या सोसिएते जनराल बँकेत हेच पुन्हा घडलं. जेरोम केर्व्हिएल हाही आधी नियंत्रणाच्या विभागात काम केलेला. तोटा ४.९ अब्ज युरो. बँकेच्या यंत्रणेने त्याच्या व्यवहारांबद्दल सत्तरहून अधिक वेळा इशारे दिले होते. प्रत्येक वेळी त्याने काहीतरी खुलासा केला आणि प्रत्येक खुलासा सुटासुटा स्वीकारला गेला. सगळे इशारे एका टेबलावर कोणी मांडले नाहीत.

मग आपल्याकडे, मुंबईत. फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस इथल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेत जानेवारी २०१८ मध्ये हिरे व्यापारी नीरव मोदीशी संबंधित कंपन्यांचे लोक परदेशी कर्जासाठी हमीपत्र मागायला आले. नव्या अधिकाऱ्यांनी पूर्ण रक्कम अनामत ठेवायला सांगितली. ‘आधी कधी लागली नव्हती,’ असं उत्तर आलं. अधिकाऱ्यांनी जुने व्यवहार शोधले, तर बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. बँकेच्या तक्रारीनुसार, शाखेतल्या काही कर्मचाऱ्यांनी ही हमीपत्रं स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून परस्पर पाठवली होती. स्विफ्ट आणि बँकेची कोअर बँकिंग प्रणाली एकमेकांना जोडलेल्या नव्हत्या. संदेश जगभर पोहोचत होता, फक्त घरच्या वहीत उतरत नव्हता. घोटाळ्याचा आकडा १३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. तक्रारीत नाव असलेला शाखेचा उपव्यवस्थापक काही महिन्यांपूर्वीच निवृत्त झाला होता. वर्षानुवर्षं तो त्याच शाखेत होता. इथेही सूचना आधी आली होती. स्विफ्टच्या अशा गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केल्याचं रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केलं.

सिंगापूर, पॅरिस, मुंबई. माणसं वेगळी, काळ वेगळा, फट मात्र तीच: दोन नोंदी कोणी एकमेकींशी ताडून पाहत नाही.

आज या फटीवर पहारा ठेवणारी सॉफ्टवेअर आहेत. ती प्रत्येक कर्मचाऱ्याच्या रोजच्या वागण्याचा एक नमुना तयार करतात. सकाळी दहाला लॉगिन करून वीस फाइली उघडणारा माणूस राजीनाम्याच्या आठवड्यात रात्री दोनला दोन हजार फाइली उतरवू लागला, की घंटा वाजते. तरी सगळ्यात जुना उपाय अजूनही फार कामाचा आहे आणि त्याला वीजही लागत नाही: सक्तीची रजा. लपवाछपवी करणाऱ्याला रोज टेबलावर हजर राहावं लागतं, कारण एक दिवस दुसऱ्याने वही उघडली की सगळं बाहेर पडतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बँकांमधल्या संवेदनशील पदांवरच्या लोकांना दर वर्षी, आगाऊ कल्पना न देता, किमान दहा कामाचे दिवस सलग रजेवर पाठवायचं, आणि त्या काळात अंतर्गत ईमेलखेरीज कामाच्या कोणत्याही यंत्रणेपर्यंत त्यांना पोहोचू द्यायचं नाही.

यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. ज्याच्या कामावर दुसऱ्याची नजर फिरते, त्याच्यावर उद्या खोटा आळ आला तर तीच नजर त्याची साक्षीदार असते.

हे फक्त मोठ्या बँकांपुरतं नाही. तुमची पतसंस्था असो, हाउसिंग सोसायटी असो की चार जणांचं ऑफिस, पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. पैसे देणारा आणि हिशेब लिहिणारा एकच माणूस आहे का? त्याने सलग दहा दिवसांची रजा शेवटची कधी घेतली? तो नसताना त्याची वही कोण उघडतं? तिसऱ्या प्रश्नावर बैठकीत शांतता पसरली, तर ते काम कोणाच्या तरी नावावर टाकून इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच उठा.